हसऱ्या कासवाचा शिक्का

अमेरिकेच्या सीमेवरून या देशात जेवढी भांडणं होतात, त्यांतली निम्मी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे काका एकटे घालतात, असं माझं अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतरचं मत आहे. मी विमा कंपनीत आकडेमोड करणारा माणूस असल्यामुळे 'निम्मी' हा शब्द उगाच वापरत नाही. कुठल्याही भांडणाला दोन बाजू लागतात, आणि कुठल्याही भांडणात एक बाजू काकांची असते. ती कुठली, हे त्यांनी आधी ठरवलेलं नसतं. समोरचा माणूस काय म्हणतो ते कळेपर्यंत ते शांतपणे खारे शेंगदाणे खात बसतात. कळलं की उरलेली बाजू त्यांची.

आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला आलो त्या पहिल्याच गणपतीत मला हे दर्शन घडलं. जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ मसालेभाताचा डाव हातात धरून सांगत होते, की आपण बघा, परीक्षा दिल्या, फिया भरल्या, वर्षानुवर्षं रांगेत उभे राहिलो, आणि हे लोक नदी ओलांडून सरळ आत येतात. सगळ्यांना परत पाठवलं पाहिजे. आजूबाजूचे माना डोलावत होते. मीही डोलावत होतो, कारण ग्रीन कार्डच्या रांगेत मी तेव्हाही होतो आणि आजही आहे. त्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सरकार दर महिन्याला जाहीर करतं आणि कधी कधी ती तारीख चक्क मागे जाते, हे ज्याला माहीत आहे त्याला माझी मान का डोलली ते कळेल. काकांनी त्या गृहस्थांना विचारलं, "गारपिटीनंतर तुझ्या घराचं छप्पर कोणी बदललं, बाप्पा?" काका मूळचे नागपूरचे, चाळीस हिवाळे इथे काढूनही त्यांचा 'बाप्पा' गोठलेला नाही. गृहस्थ म्हणाले, "कंपनीने." "कंपनी चढली होती का शिडी लावून? भर उन्हात जी पोरं वर चढली, त्यांना तू पासपोर्ट विचारला का नुसतं कोटेशन विचारलं?" गृहस्थ भात न घेताच पुढे सरकले.

मला वाटलं, चला, काकांची मतं कळली. पुढच्याच आठवड्यात त्यांची मुलगी कॉलेजातून घरी आली आणि चहाच्या टेबलावर म्हणाली, की मुळात सीमा ही कल्पनाच चुकीची आहे. काका ताडकन उठले. "मग आपल्या घराला दार कशाला? उद्या काढूनच ठेवतो. कोणीही या, फ्रीज उघडा, आईच्या हातचं श्रीखंड खा." मुलगी म्हणाली, "डॅड, यू सेड द एग्झॅक्ट ऑपोझिट लास्ट वीक!" काका म्हणाले, "लास्ट वीकला तू नव्हतीस." त्यांच्या पलीकडच्या घरात एक म्हातारा गोरा गृहस्थ राहतो, अंगणात मोठा झेंडा लावणारा. तो एकदा कुंपणावरून सद्भावनेने म्हणाला, की तुमच्यासारख्या कायदेशीर लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही. "पण मी कायदेशीर आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही कागद बघितलेत का?" असं म्हणून काका आत गेले, पासपोर्ट घेऊन आले, त्याला चष्मा आणायला लावून पहिल्या पानापासून वाचायला लावला, आणि मग म्हणाले, "आता तुमचा दाखवा." म्हाताऱ्याकडे पासपोर्टच नव्हता. तो जन्मात देशाबाहेर गेला नव्हता. तेव्हापासून दोघं घट्ट मित्र आहेत आणि बर्फ पडलं की म्हातारा स्वतःच्या मशीनने आधी काकांचा ड्राइव्हवे साफ करतो. निवडणूक आली की काकांच्या लॉनवर दोन्ही पक्षांच्या पाट्या लागतात. मधोमध काकू मिरचीची कुंडी ठेवतात. त्या म्हणतात, निदान एकीने तरी खरं बोलावं, तिखट ते तिखट.

एकदा मी त्यांना गाठून सरळ विचारलं, "काका, तुमचं स्वतःचं मत काय आहे?" त्यांनी तळहातावरची शेंगदाण्याची सालं फुंकली. मग म्हणाले, "अरे, मी दाराबाहेर उभा होतो तेव्हा मला वाटायचं, दार उघडं पाहिजे. आत आलो तेव्हा वाटायला लागलं, लावून घ्या, थंडी येते. दोन्ही वेळा मीच होतो ना? मग आता कोणाला खोटं पाडू?" हे ऐकून मी घरी आलो आणि मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मत कुणाला देतात ते सांगितलं का?" ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही.

पण काकांची खरी ख्याती या वादांमुळे नाही, त्यांच्या गॅरेजमुळे आहे. आमच्या भागातलं कुणीही मराठी माणूस भारतात जाऊन परत येणार असेल, किंवा कुणाचे आईवडील पहिल्यांदा इकडे येणार असतील, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहण्याआधी त्याला काकांच्या गॅरेजमध्ये उभं राहावं लागतं. तिथे इस्त्रीचं टेबल हे काउंटर. त्यामागे निळा शर्ट आणि गळ्यात टाय घालून काका. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली. बोलावल्याशिवाय ती ओलांडली की परत मागे. बोटांचे ठसे घेण्यासाठी काकूंचा स्वयंपाकघरातला काचेचा वजनकाटा. त्यावर चार बोटं दाबून धरायची, आणि काटा निमूटपणे ग्रॅम दाखवत राहायचा. मागे पुठ्ठ्यावर काकांच्या अक्षरात नियम: खोटं बोलायचं नाही. एक प्रश्न, एक वाक्य. ऑफिसर हसल्याशिवाय हसायचं नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वजनकाट्यापाशीच हसलो आणि तीनदा पट्टीमागे गेलो. सगळी उत्तरं नीट आली की काका खिशातून शिक्का काढून समोरच्याच्या हातावर उमटवतात. त्यांची मुलगी बालवाडीत असताना तिच्या बाईंनी दिलेला तो शिक्का आहे, हसऱ्या कासवाचा. "कासवच का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या ग्रीन कार्डच्या रांगेला दुसरं काय देऊ? ससा?" सगळे हसतात, एकमेकांना सांगून चेष्टा करतात, आणि तिकीट काढलं की गुपचूप काकांना फोन करून वेळ मागतात. वडील गेले तेव्हा मी पुण्याहून परत येताना खऱ्या काउंटरसमोर उभा होतो. डोकं सुन्न होतं, पण तोंडातून एका प्रश्नाला एक वाक्य बरोबर बाहेर येत होतं. त्या दिवशी मला ते गॅरेज चेष्टेचं वाटलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी मीनलचं मोठं ऑपरेशन ठरलं. मला रजा मोजकी होती, दोन्ही मुलं शाळेत, आणि नंतर दीड महिना तिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. सासूबाईंकडे व्हिसा होता, पण त्या कधी आल्या नव्हत्या. "मी येते," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या, आणि त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वात छोटं वाक्य असावं. कारण आमच्या सासूबाई कराडच्या, आणि बोलण्याच्या बाबतीत दोन्ही नद्यांचा संगम त्यांच्या जिभेवर आहे. दूध किती वाजता येतं असं विचारलं तर त्या दूधवाल्याच्या मुलीच्या लग्नापासून सुरुवात करतात. त्यांना आत सोडलं नाही तर मीनलजवळ कोण राहणार, हा प्रश्न मी मनात अनेकदा मांडून बघितला. उत्तर दर वेळी शून्य येत होतं.

व्हॉट्सअॅपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. ऑपरेशनचं नाव काढू नका, संशय येतो. नायगारा बघायला आले म्हणा. स्वयंपाक करणार असं चुकूनही म्हणू नका, नोकरी करायला आल्या असं समजतात. काका हे वाचून खवळले. "सत्तरीची बाई ऐन थंडीत एकटी धबधबा बघायला येते? ऑफिसर काय काल जन्मला? मुलगी आजारी आहे, तिच्याजवळ राहायला आले. संपलं. ताईंना मी तयार करतो."

मग रोज संध्याकाळी, म्हणजे कराडच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर गॅरेज भरायला लागलं. काकांचा फोन साबणाच्या बाटलीला टेकवलेला, पलीकडे नऊवारीतल्या सासूबाई. काकाच ऑफिसर आणि काकाच दुभाषा.

"अमेरिकेत कशासाठी आलात?"

"त्याचं असं झालं भाऊ, मीनलला मागच्या दिवाळीपासनंच त्रास होता. पण ती लहानपणापासून अशीच, सांगायची नाही. एकदा चौथीत असताना..."

"ताई, पिवळ्या पट्टीच्या मागे."

"अहो, मी कराडात आहे. कसली पट्टी?"

"मनातली. परत. कशासाठी आलात?"

"सांगते की. श्वास तरी घेऊ द्याल का नाही?"

काकू शेजारी बसून वाटाणे सोलत असायच्या. त्या म्हणायच्या, "ताई, यांचं लग्नाआधी असंच होतं. मला बघायला आले तेव्हा तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकलीच नाहीत." पण काका हटले नाहीत. आणि एके दिवशी सासूबाईंनी ओळीने सगळे प्रश्न पार केले. कशासाठी? "मुलीकडे." काय करणार? "राहणार." परत कधी? "उन्हाळ्याआधी." काकांचे डोळे चमकले. "ताई, पास!" म्हणून त्यांनी शिक्का काढला आणि फोनच्या काचेवरच कासव उमटवलं. काकू म्हणाल्या, "अहो, तो फोन आहे."

सासूबाई आल्या त्या दिवशी बर्फ होतं. ऑपरेशन दोनच दिवसांवर होतं, म्हणून मीनल घरी थांबली. माझ्याबरोबर विमानतळावर काका आले. ते सगळ्यांसाठीच जातात, थर्मासमध्ये चहा घेऊन. विमान वेळेवर उतरलं. माणसं बाहेर येऊ लागली, गळाभेटी झाल्या, फुगे हलले, गर्दी विरली. सासूबाई नाहीत. सामानाची ट्रॉली ढकलत आलेल्या एका गुजराती जोडप्याने सांगितलं, "एक माँजी को अंदर बिठाया है. साडीवाली." 

मी चिडलो. म्हटलं, "काय देश आहे हा! इतकी वर्षं टॅक्स भरतो, आणि एका म्हाताऱ्या बाईला आत बसवून ठेवतात?" काका लगेच म्हणाले, "त्याची ड्युटी आहे. त्याच्यासमोर दिवसभर माणसं येतात. कोण खरं, कोण खोटं, त्याने कसं ओळखायचं?" मी स्वतःला आवरलं. म्हटलं, "बरोबर आहे. नियम तो नियम." तर काका उसळले, "कसला नियम? गुडघे दुखणारी बाई, सोळा तास विमानात बसून आलेली, तिला खुर्ची तरी नीट दिली असेल का?" त्यांचा आवाज एवढा चढला की तिथला पोलीस वळून बघायला लागला. कुठल्याही बाजूला गेलो तरी हा माणूस समोर उभाच, असं मला वाटलं. वैताग आला, पण एकटं मात्र वाटत नव्हतं. थोड्या वेळाने मी हळूच विचारलं, "काका, सोडतील ना हो त्यांना?" आणि ते काय उलट बोलतील याची तयारी करून बसलो.

काका म्हणाले, "सोडतील."

बस, तेवढंच. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा सहमत झाले होते, आणि त्यानेच मी खरा घाबरलो. बघितलं तर त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं होतं आणि चहा ओतायला विसरले होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आतला अधिकारी होता. आवाज सभ्य आणि दमलेला. तुम्ही जावई का, वगैरे विचारून झाल्यावर तो म्हणाला, की तुमच्या सासूबाई आधी प्रत्येक प्रश्नाला एकेका शब्दात उत्तर देत होत्या, कुणीतरी पाठ करून घेतल्यासारखं. म्हणून त्यांना आत आणावं लागलं. आता फोनवर दुभाषा जोडून दिल्यापासून त्या थांबत नाहीत. त्या म्हणतात, की एका गॅरेजमध्ये एक ऑफिसर बसतो, त्याने त्यांना शिकवून पास केलं आहे, आणि तो लोकांच्या बोटांचं वजन करतो. "हू इज धिस ऑफिसर, सर?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी हात पुढे करून फोन घेतला. सबंध नेपरव्हिलला 'एक प्रश्न, एक वाक्य' शिकवणारा हा माणूस खऱ्या अधिकाऱ्यासमोर ताठ उभा राहिला आणि नागपूरपासून सुरू झाला. मग इथली पहिली थंडी आली, पहिली नोकरी आली, इस्त्रीचं टेबल कुठल्या सेलमध्ये घेतलं तेही आलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, काका, पिवळी पट्टी! शेवटी अधिकाऱ्यानेच त्यांना थांबवलं. "सर. आर यू ऑर आर यू नॉट अ गव्हर्नमेंट ऑफिसर?"

 काका म्हणाले, "नो, सर. आय अॅम रिटायर्ड. दे गेट स्केअर्ड, सो वी प्रॅक्टिस."

पलीकडे शांतता. म्हणजे अधिकाऱ्याची शांतता, मागून सासूबाईंचा अखंड आवाज येत होता, आणि स्पीकरवरच्या दुभाष्याचा काकुळतीचा, "मावशी, थोडं थांबा हो, मला आधीचं तरी इंग्रजीत सांगू द्या." अधिकाऱ्याने शेवटचा प्रश्न विचारला: यांच्या जावयाला साधा चहासुद्धा करता येत नाही, हे खरं आहे का? काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ट्रू, सर."

थोड्या वेळाने दार सरकलं आणि सासूबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद. मला त्यांनी नुसतं डोळ्यांनी 'मीनल बरी आहे ना' असं विचारलं, आणि मोर्चा काकांकडे वळवला. "भाऊ, तुमचं पाठ म्हटलं तर आत बसवलं. माझं मी बोलले तर सोडलं. त्या पोराला मीनलच्या चौथीपासनं सगळं सांगितलं. शेवटी त्यानंच पाणी आणून दिलं मला." काकांनी मान खाली घातली. वाद घालायला दोन्ही बाजू मोकळ्या होत्या आणि त्यांनी एकही घेतली नाही. कोटाच्या खिशातून शिक्का काढून त्यांनी सासूबाईंच्या हातावर दाबला. परत येताना गाडीत सासूबाई विमानतळापासून घरापर्यंतच्या सगळ्या बर्फावर बोलत होत्या, आणि मागच्या सीटवरून काका दर थोड्या वेळाने म्हणत होते, "हो ताई."

ऑपरेशन नीट झालं. सासूबाई राहिल्या, मीनल हिंडू-फिरू लागली, उन्हाळ्याआधी त्या परत गेल्या. त्या दिवसांत माझ्या मुलांना शाळेत कोणी सोडलं, औषधं कोणी आणली, आणि सासूबाई बोलत असताना मीनलला झोप मिळावी म्हणून त्यांना रोज दुपारी काकूंकडे चहाला कोणी नेलं, हे मी वेगळं सांगायला नको. मी उपकारांचा हिशेब ठेवून फेडणारा माणूस आहे, पण हा मी मांडायलाच घेतला नाही. गॅरेजमधल्या पुठ्ठ्यावर मात्र एक दुरुस्ती झाली: एक प्रश्न, एक वाक्य, ताई असल्यास कितीही.

या वसंतात काका-काकूंनी घर विकलं. नागपूरला थोरले भाऊ एकटे आहेत, आणि काकूंच्या गुडघ्यांना बर्फ सोसत नाही. मला ते पुरेसं वाटेना. मी म्हटलं, "खरं सांगा काका, हा देश आता पूर्वीचा राहिला नाही म्हणून चाललात ना?" काका म्हणाले, "काऊन? याच देशाने मला घर दिलं, पोरीला शिकवलं, ताईंना पाणी दिलं. पूर्वी काय सोन्याचा होता?" मी म्हटलं, "म्हणजे सगळं चांगलंच आहे." ते एकदम म्हणाले, "चांगलं आहे? मग सकाळी फिरायला जाताना मी खिशात पासपोर्ट काऊन ठेवतो?" हे मला माहीत नव्हतं. काकूंनाही नसावं, कारण त्यांच्या हातातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायची थांबली.

जायच्या दिवशी गॅरेज रिकामं होतं. सगळं वाटून झालं होतं. इस्त्रीचं टेबल आणि पुठ्ठा माझ्या नावाने भिंतीला लावून ठेवला होता. झेंडेवाला म्हातारा बॅगा गाडीत चढवायला आला होता. काकांनी शिक्का माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "संभाळ." मला काय सुचलं कोण जाणे, मी टेबल उघडून मांडलं आणि त्यामागे उभा राहिलो. काका समजले. पिवळ्या पट्टीमागे गेले आणि हात सरळ सोडून उभे राहिले. त्यांच्या मागे पर्स घेऊन काकू.

"नेक्स्ट," मी म्हटलं. काका पुढे आले. "पर्पज ऑफ व्हिजिट?"

"घरी चाललो."

"हाऊ लाँग विल यू स्टे?"

हा प्रश्न त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारला होता आणि अडखळलेल्या प्रत्येकाला मागे पाठवलं होतं. आता ते स्वतः उभे होते. वर छपराकडे बघितलं, जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघितलं, दाराबाहेर मिरचीची कुंडी उचलून आपल्या अंगणात नेणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मागून काकू म्हणाल्या, "सांगा की. ऑफिसर थांबलाय."

"सांगता येत नाही रे," काका म्हणाले. "म्हणजे, ठरवलं नाही."

नियमाप्रमाणे मी त्यांना पट्टीमागे पाठवायला हवं होतं. मी त्यांचा हात टेबलावर घेतला आणि शिक्का मारला. शाई वाळत आली होती. कासवाची नुसती पाठ उमटली, हसणं उमटलं नाही. मी पुन्हा दाबला, आणि या वेळी जरा जास्त वेळ धरून ठेवला.